गावावर अग्नी मागणारे शिष्य

शास्त्रपाठ : लूक ९:५१-५६ आणि योना ४:१०-११



सन २०२५ च्या मे महिन्यात ज्या चार दिवसांत भारत व पाकिस्तान ह्या दोन राष्ट्रांमध्ये क्षेपणास्त्रांचा मारा चालला होता, त्यांपैकी एका संध्याकाळी सोनपेठ तालुक्यातील एका खेड्यात आमची घरगुती प्रार्थनासभा भरली होती. २२ एप्रिल रोजी पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची जी हत्या झाली, तिने सर्वांची अंतःकरणे पोळलेली होती. उपासना आटोपल्यावर एक तरुण उभा राहिला. त्याचा थोरला भाऊ सैन्यात शिपाई असून सीमेवर होता, आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. तो तरुण म्हणाला, "पाळकसाहेब, आपल्याकडे अणुबॉम्ब आहे ना? मग एकदाच टाकून कायमचं मोकळं का होत नाहीत? आमच्या दादाला रोज मरणाच्या तोंडी कशाला ठेवायचं?"

हे ऐकून कोणी काही बोलेना. तेव्हा भिंतीपाशी बसलेली एक म्हातारी, जिचा सारा जन्म दुसऱ्यांच्या फडात ऊस तोडण्यात गेला आहे, ती हळूच म्हणाली, "तिथंबी लेकरंच असतील की, बाबा."

वाचकहो, असले शस्त्र युद्धात वापरणे धर्मास धरून आहे की नाही, ह्याविषयी मोठमोठ्या विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. परंतु त्या वादाच्या दोन्ही बाजू त्या रात्री त्या ओसरीवर मांडल्या गेल्या. एका बाजूस आपल्या माणसाचा जीव, दुसऱ्या बाजूस परक्याचे लेकरू. आम्ही प्रार्थना करून सभा संपविली, पण त्या तरुणास पुरते उत्तर आमच्याने देववले नाही. ते राहिलेले उत्तर आम्ही आज देवाच्या वचनातून देऊ इच्छितो.

आपला प्रभू यरुशलेमेकडे तोंड करून निघाला असता वाटेत शोमरोन्यांच्या एका गावात उतरावयाचे होते. परंतु यहूदी व शोमरोनी ह्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे वैर असल्यामुळे त्या गावाने त्याला आसरा दिला नाही. तेव्हा याकोब व योहान हे दोघे भाऊ संतापले आणि त्यांनी प्रभूस विचारले की, आम्ही आकाशातून अग्नी पडण्यास सांगून ह्यांचा नाश करावा, अशी तुझी इच्छा आहे काय? त्यांची मागणी आपण नीट पाहावी. ते दुष्ट लोक नव्हते. त्यांचे आपल्या धन्यावर प्रेम होते. गावाने केलेला अपमानही खरा होता. शिवाय त्यांच्याजवळ शास्त्राचा दाखला होता, कारण एलीयाने आपणास धरावयास आलेल्या सरदारांवर व त्यांच्या शिपायांवर अग्नी उतरविला होता. प्रेम, खरा अपराध आणि शास्त्राचा आधार, इतके सर्व असूनही प्रभूने वळून त्यांना धमकावले. मग ते दुसऱ्या गावास गेले.

त्या काळी शिष्यांना अग्नी केवळ मागता येत होता. आता मनुष्याने तो आपल्या हाती आणला आहे. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची परीक्षा झाली, आणि लिहिण्यास दुःख वाटते की त्या परीक्षेस पवित्र त्रैक्याचे नाव देण्यात आले होते. ६ ऑगस्टच्या पहाटे पहिले विमान तिनियन बेटावरून निघाले, त्यापूर्वी एका प्रोटेस्टंट चॅप्लेनने विमानातील लोकांसाठी प्रार्थना केली. सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी हिरोशिमा शहरावर जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर तो बॉम्ब फुटला. त्यात सुमारे ६४ किलो युरेनियम होते, आणि त्यातील एक किलोहूनही कमी भाग फुटून एवढा अनर्थ घडला. मध्यापासून दोन किलोमीटरपर्यंतची घरे बहुतेक सर्व पडून जळून गेली. सोनपेठच्या बाजारात उभे राहून चारही दिशांस अर्धा अर्धा तास चालत जावे, आणि त्या सर्व प्रदेशात एकही घर उभे नसावे, अशी कल्पना करा. तीन दिवसांनी, ९ ऑगस्ट रोजी, दुसरा बॉम्ब नागासाकीवर पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० व नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मेली. कित्येकांच्या अंगावर जखमही दिसत नव्हती. पुढे केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन ती मरण पावली.

६ ऑगस्ट हा दिवस जुन्या मंडळ्यांच्या पंचांगात प्रभूच्या रूपांतराचा सण आहे. डोंगरावर प्रभूचे मुख तेजाने पालटले, ते पेत्र, योहान व याकोब ह्यांनी पाहिले. ती कथा लूकाच्या ह्याच नवव्या अध्यायात आहे. जे दोघे शिष्य डोंगरावर ते तेज पाहून आले, त्यांनीच खाली आल्यावर गावावर अग्नी मागितला. म्हणून प्रभूचे वैभव आम्ही पाहिले आहे, आमच्याकडून अशी मागणी होणार नाही, असे कोणत्याही ख्रिस्ती मनुष्याने समजू नये.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे आपण प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. त्या युद्धात जपानी सैन्याने चीनमध्ये, ब्रह्मदेशात व आपल्या अंदमान बेटांवरही फार क्रूर कृत्ये केली होती. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून हजारो तरुण त्या युद्धावर गेले होते. १९४५ च्या उन्हाळ्यात हिंदी फौजा मलायाच्या किनाऱ्यावर उतरण्याची तयारी करीत होत्या. १५ ऑगस्ट रोजी जपानच्या सम्राटाने शरणागती जाहीर केली आणि त्या उतरणीत जे रक्त सांडले असते ते वाचले. कित्येक घरी मातांनी देवाचे उपकार मानले असतील, आणि त्यांना दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन ह्यांनी १९४७ साली लेख लिहून हीच बाजू मांडली की, बॉम्ब टाकला नसता तर याहून पुष्कळ अधिक माणसे मेली असती. आमच्या सोनपेठच्या तरुणाचे म्हणणे ह्याहून निराळे नव्हते. आपल्या भावाचा जीव वाचावा असे वाटणे हे पाप नाही.

तथापि देवाचे वचन आपणापुढे तीन प्रश्न ठेवते.

पहिला प्रश्न असा की, देव कोणाकोणाला मोजतो? योना संदेष्ट्यास निनवे शहराचा नाश व्हावा असे वाटत होते. निनवे ही अश्शूरी लोकांची राजधानी. त्यांच्या जुलुमाने इस्राएलाची हाडे मोडली होती. म्हणजे योनाचा रागही फुकाचा नव्हता. परंतु पुस्तकाच्या अखेरीस देव त्याला विचारतो की, जेथे उजवा हात कोणता व डावा कोणता हेही ज्यांना कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत, आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत, त्या शहराची मी कीव करू नये काय? प्रियजनहो, देवाने शत्रूच्या शहरातील अजाण जीव मोजून ठेवले होते, आणि त्याने गोठ्यातील जनावरेही सोडली नाहीत. ज्या सकाळी हिरोशिमावर बॉम्ब पडला, त्या सकाळी हजारो शाळकरी मुले रस्त्यांवर कामास लाविली होती. आग पसरू नये म्हणून आपण माळावरील गवतात जसा मोकळा पट्टा काढतो, तसे पट्टे शहरातील घरे पाडून काढण्याचे ते काम होते. ती बारा-तेरा वर्षांची मुले उघड्यावर होती, म्हणून ती प्रथम जळाली. युद्ध कोणी आरंभिले, हे त्यांच्यापैकी कोणी ठरविले नव्हते.

नागासाकीत तर आपल्याच विश्वासाचे लोक होते. तेथील उराकामी भागातील रोमन कॅथोलिक बंधूंच्या पूर्वजांनी छळाच्या काळात सुमारे अडीचशे वर्षे पाळकांवाचून गुप्तपणे विश्वास राखला होता. बॉम्ब त्यांच्या मोठ्या मंदिरापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर फुटला, आणि तेथील सुमारे १२,००० ख्रिस्ती जनांपैकी सुमारे ८,५०० मेले. हिरोशिमात मेथडिस्ट मंडळीचे पाळक रेव्हरंड तानिमोतो हे वाचले, आणि ते दिवसभर नावेतून जखमी लोकांना नदीपार नेत राहिले. ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ साली मुंबईस आपले पहिले मिशनरी पाठविले व पुढे अहमदनगरास काम उभारले, त्याच बोर्डाने १८६९ साली जपानात मिशन स्थापिले. एकाच ओंजळीतून दोन्ही देशांत सुवार्तेचे बी पडले आहे. परंतु ख्रिस्ती मेले म्हणूनच आपण रडावे असे आम्ही म्हणत नाही. निनवेत ख्रिस्ती कोणीही नव्हते, तरी देवाने त्यांची कीव केली.

दुसरा प्रश्न, तरवार कशासाठी दिली आहे? पौल प्रेषित रोमकरांस लिहितो की अधिकारी व्यर्थ तरवार धारण करीत नाही. वाईट करणाऱ्यास शासन करण्यास तो देवाचा सेवक आहे. यास्तव देशाचे रक्षण करणाऱ्या शिपायाला आम्ही पापी म्हणत नाही. अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव ह्यांना १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल रोजी इटलीतील सेनियो नदीवर त्यांनी गोळ्यांच्या वर्षावात आपल्या जखमी सोबत्यांना उचलून पैलतीरी नेले, आणि मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. जो गोळ्या झाडीत होता त्याच्यावर ते चालून गेले. कोणाचे घर, कोणाचा पाळणा त्यांनी जाळला नाही. तरवार धरणाऱ्या हाताला डोळे असतात. पौल ज्या तरवारीविषयी लिहितो ती वाईट करणारा कोण हे ओळखून चालावयाची आहे. अणुबॉम्बला ही ओळख असूच शकत नाही. हिरोशिमात कैदेत असलेले बारा अमेरिकन सैनिकही त्याच बॉम्बने मेले. म्हणजे ज्यांनी तो टाकला त्यांची मुलेही त्याला ओळखू आली नाहीत. मोशेच्या नियमशास्त्रात तर असे आहे की, एखाद्या नगरास वेढा घातला असता तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये (अनुवाद २०:१९). ज्या देवाने शत्रूच्या शिवारातील झाडास अभय दिले, तो शत्रूच्या लेकरांविषयी कमी काळजी करील काय?

नामदेव जाधव ज्या पलटणीचे होते, ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण १९४६ साली जपानात ताबा ठेवण्यासाठी गेलेल्या फौजेत होती. तिच्या ब्रिगेडचे नायक थिमय्या हे पुढे स्वतंत्र भारताचे सेनापती झाले. त्या फौजेचे बंदर कुरे. तेथून हिरोशिमा सुमारे २० किलोमीटरवर. आपल्या मराठी शेतकऱ्यांची मुले त्या किनाऱ्यावर शस्त्र घेऊन उतरली ती जळालेल्या शहराच्या शेजारीच. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या संघाने नेमलेल्या धर्मपंडितांच्या समितीने, आपल्या देशाने देवाच्या नियमाविरुद्ध व जपानी लोकांविरुद्ध मोठे पाप केले, असे उघड कबूल केले. जिंकलेल्या राष्ट्रातील ख्रिस्ती लोकांनी जिंकल्याबरोबर असे बोलावे, हे पवित्र आत्म्याचे काम होय असे आम्ही मानतो.

येथे कोणी म्हणेल, देवाने सदोमावर अग्नी पाडला नाही काय? पाडला, परंतु तो न्याय देवाने स्वतः केला, आणि करण्यापूर्वी अब्राहामास विनवणी करू दिली. अब्राहाम पन्नासांपासून दहांपर्यंत खाली आला, आणि दहा नीतिमान सापडले तरी नगर राखण्याचे देवाने कबूल केले. शहरातील प्रत्येक अंतःकरण ज्याला दिसते त्याच्या हातचा तो न्याय आहे. आपणास शेजाऱ्याच्या मनातलेही दिसत नाही.

तिसरा प्रश्न प्रभूने त्या दोघा भावांना धमकावले त्यातच आहे, की हा आत्मा कोणाचा? त्यांना आसरा नाकारला तो काही माणसांनी, पण त्यांनी नाश मागितला तो साऱ्या गावाचा, कारण ते गाव शोमरोनी होते. ही गोष्ट आम्हा मराठवाड्यातील लोकांस समुद्रापलीकडून शिकावी लागत नाही. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जो जुलूम केला तो खरा होता, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात तो संपला म्हणून लोकांनी सुटकेचा श्वास टाकला तोही योग्यच होता. परंतु त्यानंतर कित्येक गावी ज्यांनी काहीच केले नव्हते अशा मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगविण्यात आला. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने हिंडून त्याची चौकशी केली व सरकारास अहवाल दिला. जुलमी माणूस पळून गेला होता किंवा कैदेत होता; मेला तो त्याचे नाव असणारा. बॉम्ब जे एका क्षणात करतो, तेच तेथे कुऱ्हाडीने व आगकाडीने झाले.

मग आपल्या राष्ट्राने काय करावे? पोखरण येथे १९७४ साली व पुन्हा १९९८ साली भारताने अणुस्फोट केले. आपण हे शस्त्र प्रथम वापरणार नाही असे २००३ साली सरकारने धोरण म्हणून जाहीर केले, ह्याबद्दल आपण देवाचे आभार मानावे, आणि ते वचन कधी मोडले जाऊ नये अशी प्रार्थना करावी. परंतु त्याच धोरणात, आपणावर असा हल्ला झाल्यास शत्रूची अतोनात हानी होईल असा प्रतिकार करू, असेही आहे. ह्या भयानेच युद्ध थांबून राहते असे पुष्कळ सुज्ञ लोक म्हणतात. त्यांचा हेतू आम्ही वाईट म्हणत नाही. तरी ख्रिस्ताच्या शिष्याने इतके सांगितलेच पाहिजे की, आपले शहर जळाल्यावर दुसऱ्याचे जाळल्याने पहिल्यातले एकही लेकरू परत येणार नाही. हिंसेस प्रतिहिंसेने जसे निवारता येत नाही तसे ह्या बॉम्बलाही दुसऱ्या बॉम्बने निवारता येणार नाही, अशा आशयाचे महात्मा गांधींनी १९४६ साली 'हरिजन' पत्रात लिहिले होते.

आणि अणूलाच शाप देऊ नका. त्यात जी शक्ती आहे ती देवाने घातली आहे. मुंबईजवळ तुर्भे येथे १९५६ साली अप्सरा नावाची अणुभट्टी सुरू झाली. तेथील संस्थेतच पुढे रोग्यांच्या उपचारासाठी लागणारी द्रव्ये तयार होऊ लागली. आपल्या मंडळ्यांतील कित्येक जण बार्शीस किंवा मुंबईस टाटा इस्पितळात जाऊन कर्करोगासाठी किरणांचा शेक घेऊन आले आहेत. १९७४ च्या स्फोटाचे द्रव्यही तुर्भ्याच्याच दुसऱ्या भट्टीतून आले होते. एकाच आवारातून औषधही निघते व मरणही निघते. निवड मनुष्याच्या अंतःकरणात होते.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, हे काम दिल्लीचे आहे, आमचे नाही, असे म्हणू नका. ज्या अंतःकरणातून बॉम्ब निघतो ते आपल्या गावातही आहे. बांधावरून भांडण होते, आणि रात्री कोणीतरी शेजाऱ्याची सोयाबीनची गंजी किंवा कडबा पेटवून देतो. अपराध एकाचा असेल, पण उपाशी राहतात त्याची मुले, आणि दावणीला बांधलेली ती मुकी गुरे, जी देवाने निनवेत मोजली होती. असे पेटलेले मन तुमच्या मंडळीत दिसले तर त्याच रात्री त्या घरी जा. सकाळची वाट पाहू नका. मुलांना योनाची गोष्ट माशापाशी संपवू नका, चौथा अध्याय सांगा. शिपायांच्या घरी जाऊन त्यांच्या आईबापांबरोबर प्रार्थना करा, आणि त्याच प्रार्थनेत सीमेपलीकडच्या आईबापांचेही स्मरण करा. शहरे जळताना दाखवून हसणारी चित्रे फोनवर आली तर ती पुढे पाठवू नका.

हिरोशिमा-नागासाकीतून जे वाचले त्यांनी १९५६ साली आपला संघ स्थापिला, आणि २०२४ साली त्या संघास शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपणावर जे आले ते जगात कोणावरही पुन्हा येऊ नये, एवढेच ते इतकी वर्षे मागत आले. त्यांतील बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत; परंतु ही मागणी ऐकून गर्जनेच्या पुत्रांना लाज वाटली असती.

त्या गर्जनेच्या पुत्रांपैकी एकाचे पुढे काय झाले ते सांगून आम्ही संपवितो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात असे आहे की, शोमरोनाने देवाचे वचन स्वीकारले हे ऐकून यरुशलेमेतील प्रेषितांनी पेत्र व योहान ह्यांना तेथे पाठविले. होय, तोच योहान. त्याने त्या लोकांवर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला. परत जाताना त्या दोघांनी शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगितली. ज्या गावाने एकदा दार लाविले होते तेही त्यांत असू शकेल. त्या दिवशी प्रभूने अग्नी पडू दिला असता, तर योहानाला उपदेश करण्यास तेथे राखच मिळाली असती.

आमच्या त्या तरुणाचा भाऊ पुढे रजेवर सुखरूप घरी आला, ह्याबद्दल देवाची स्तुती असो. सभेनंतर म्हातारीने त्या दोघा भावांच्या डोक्यावर हात ठेवला. सीमेपलीकडेही कोणा आईचा मुलगा असाच घरी येवो.

हे दयाळू बापा, आमच्या रक्षणास उभ्या असलेल्यांचे तू रक्षण कर. आमच्या शत्रूंच्या लेकरांना तू मोजले आहेस. आम्हांसही त्यांना मोजावयास शिकव. ज्यांच्या हाती हा अग्नी आहे त्या सर्व राज्यकर्त्यांचे हात आवर, आणि आमच्या अंतःकरणातील अग्नी विझवून तेथे तुझा आत्मा घाल. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.